टॉवेल घरून आणायचा

इंदोरा, नागपूर
दि. ३ मार्च २०२५

ती. भीमाआत्यास,
पायलचा सविनय जयभीम, वि. वि.

तुझं कानाचं यंत्र पुन्हा बिघडल्याचं तुझ्या नागसेनदादाकडून कळलं. फोनवर मी ओरडते तेव्हा आख्ख्या गल्लीला आमच्या घरचं सगळं कळतं, फक्त तुलाच कळत नाही. म्हणून हे पत्र. तुझी आज्ञा होती की पत्र मोठ्या अक्षरात, शाईच्या पेनानं आणि रडगाणं कमी असावं. पहिल्या दोन गोष्टी पाळते आहे.

मी गाडी घेतली. बस की आता, असं म्हणशील, दवाखान्यात जायला स्कूटी आहे ना. पण ही दवाखान्यात न्यायची गाडी नाही. ही महादेवरावांची लाल गाडी आहे. तीच, दोन दारांची, दोनच माणसांची, जमिनीला पोट घासत जाणारी जपानी गाडी. कळमन्याच्या बाजारात संत्र्याची अडत करून बक्कळ कमावल्यावर त्यांनी ती मिरवायला घेतली आणि स्वतःला चालवता येत नाही म्हणून तिच्यासाठी बाबांना ठेवलं. बाबांची उभी हयात त्या गाडीत गेली. आता महादेवरावांचा रामदासपेठेतला बंगला पाडून तिथे फ्लॅट होत आहेत. मुलगा ऋषिकेश यानं गॅरेज रिकामं करताना गाडी कामठी रोडच्या एका दलालाला देऊन टाकली. मला कळलं आणि त्याच संध्याकाळी मी जाऊन ती घेतली. बाबांना अजून सांगितलेलं नाही, दवाखान्यामागच्या अंगणात झाकून ठेवली आहे.

बाहेरून ती अजून तालेवार दिसते. दार उघडलं की मात्र अवकळा. छताचं कापड सुटून लग्न उरकल्यावरच्या मांडवासारखं लोंबतंय. हात लावला तर आतला फोम पिवळी भुकटी होऊन माझ्या केसांत. डॅशबोर्डला नागपूरच्या उन्हानं भेगा पाडल्या आहेत. बटणं, दारांचे हात, गिअरभोवतीचा भाग, या सगळ्यावर कधीकाळी मऊ रबरासारखा लेप होता. तो आता पाघळून पाकासारखा चिकट झालाय. डावीकडची सीट, म्हणजे खुद्द महादेवरावांची, मधल्या काळात कधीतरी स्वस्त रेक्झिननं मढवलेली. तिचं काळं कातडं सुटत चाललंय, बोट टेकवलं की बोट काळं.

आणि ड्रायव्हरची सीट, आत्या, कालच शोरूममधून आल्यासारखी. एक सुरकुती नाही.

मला तिथेच रडू आलं, रागानं. तुला वेगळं सांगायला नको की ती सीट का टिकली. टॉवेल. आईनं धुऊन, घडी करून दिलेला पांढरा टॉवेल बाबा रोज पिशवीत घालून न्यायचे, सीटवर अंथरायचे, त्यावर बसायचे आणि संध्याकाळी परत आणायचे. लेदर खराब होतं म्हणे. मी चौथीत असताना बाबांबरोबर एकदा त्या गॅरेजात गेले होते. गाडीचा मिस्त्री ग्रीसनं माखलेल्या कपड्यांनी त्याच सीटवर थेट जाऊन बसला आणि महादेवराव शेजारी उभे राहून त्याला चहा विचारत होते. त्याच्या कपड्यांनी लेदर खराब होत नव्हतं. मी घरी येताना बाबांना विचारलं, तर त्यांनी मला उसाचा रस पाजला.

आणि एकदा अंघोळीहून येऊन मी त्या टॉवेलनं तोंड पुसलं होतं. बाबांनी तो माझ्या हातातून हिसकून घेतला. ते माझ्यावर ओरडले तो जन्मातला एकच दिवस. आईनं तो पुन्हा धुतला आणि बाबा ओला टॉवेल पिशवीत घालून कामावर गेले.

तर माझं ठरलंय. गाडी आतून-बाहेरून नवीकोरी करायची. बाबांना त्या सीटवर टॉवेलशिवाय बसवायचं. आणि तो माणूस आता जिथे राहतो त्या दारावरून इतक्या वेळा फिरवायचं, की त्याला जेवण जाऊ नये.

नागसेनदादाला जयभीम. लोभ आहेच तुझा, तेवढा राग पण पाठव थोडा, मला पुरत नाही.

तुझी,
पायल

काटोल
दि. १२ मार्च

चि. पायल हिले,
भीमाआत्याचा जयभीम आणि गालाले एक चिमटा.

तुझं पत्र भेटलं. चष्मा पुसून दोनदा वाचलं. गाडी घेतली ते लय बेस केलं, पण ती नीट काहून करून राहिली वं? मी असती तर अंगणात उभी करून आत कोंबड्या बसवल्या असत्या. डाव्या सीटवर खुडूक कोंबडी आणि उजवीवर कोंबडा. मग महादेवरावाले पिल्लं पाहायले बोलावलं असतं.

हसू नको. मी रोज संध्याकाळी विहारात बसते, सगळे प्राणी सुखी होवोत म्हणते. मनापासून म्हणते. फक्त महादेवरावाचं ध्यान आलं की जीभ अडते. भंतेजीले विचारलं, तर ते म्हणाले की सगळे म्हणजे सगळे. मी म्हटलं, मग मले अजून वेळ लागन.

तुले अर्धंच माहीत आहे, पोरी. उरलेलं तुझ्या बापानं मले एकदाच सांगितलं, कामावर लागला त्या दिवशी, आणि कोणाले सांगू नको म्हणाला होता. आता तू गाडीच घेतली तर सांगते. पहिल्याच दिवशी महादेवरावानं त्याले समोर उभं करून कायदा सांगितला. टॉवेल घरून आणायचा, घरी न्यायचा, घरी धुवायचा. इथल्या नळावर धुवायचा नाही. आता सांग, लेदर जपायचं असन तर नळाचं काय काम? मिस्त्री त्याच नळावर हात-पाय धुऊन जात होता. देवरावले कळत नव्हतं का? कळत होतं. तू पोटात होती, दुसरी नोकरी नव्हती, म्हणून तो मान खाली घालून हो म्हणाला.

लोक म्हणतात देवरावले रागच येत नाही. मले तसं वाटत नाही. लहानपणी संक्रांतीले गल्लीतल्या एका पोरानं त्याची पतंग फाडली होती. हा काही बोलला नाही, रडला नाही. वर्षभर त्या पोरासंग गोट्या खेळला. दुसऱ्या संक्रांतीले मात्र सकाळपासून आभाळाले डोळे लावून बसला आणि त्या पोराची एक पतंग वर टिकू दिली नाही. संध्याकाळी घरी येऊन मुकाट्यानं तिळगूळ खाल्ला.

चिकट झालेल्या भागाले एक उपाय आहे. इथं एकजण संत्र्याच्या सालीचं तेल काढते. माझ्या मिक्सरच्या बटणाले असाच चिकटा आला होता, ते तेल लावलं आन् सगळा लेप निघून खालचं साफ प्लास्टिक हाती आलं. एक बाटली काटोल-नागपूर बसच्या कंडक्टरजवळ देते, बसस्टॅन्डवरून घेऊन जा. कापसानं थोडं थोडं लाव, घाई नको करू.

लोभ असावा हे सगळेच लिहितात. मी लिहिते, राग असू दे, जेवत जा वेळेवर.

तुझी आत्या,
भीमाबाई

इंदोरा, नागपूर
दि. ४ एप्रिल

ती. आत्यास,
सविनय जयभीम, वि. वि.

नळाचं वाचून मी दवाखान्यात व्यायाम घेताना दोन पेशंटचे खांदे जरा जास्तच जोरात दाबले. त्यांची माफी मागितली आहे.

तुझं तेल जादूचं निघालं. बटणांवरचा चिकटा कापसाला काळा होऊन निघून आला आणि खाली गुळगुळीत प्लास्टिक. सगळ्या गाडीला संत्र्याचा वास सुटलाय, महादेवरावांच्या अडतीच्या दुकानात बसल्यासारखं वाटतं. पण तू एक सांगितलं नाहीस, की ते मीटरवरच्या पारदर्शक प्लास्टिकला लावायचं नसतं. मी हौसेनं तेही पुसलं, तर त्याला मोतीबिंदू झाला. आता गाडी किती वेगानं जाते ते अंदाजानं ओळखावं लागेल. यात तुझा अर्धा दोष आहे.

छत नवीन झालं. सीटकव्हरवाल्यानं जुना फोम ब्रशनं खरवडून, नवं राखी कापड असं ताणून चिकटवलं की टिचकी मारावी. डॅशबोर्डच्या भेगा भरून त्यावर काळं रेक्झिन चढवलं. आता डावी सीट तेवढी राहिली आहे, ती जयंती झाल्यावर करू म्हणाला, सध्या त्याच्याकडे निळ्या झेंड्यांच्या शिलाईचं काम आहे.

तेवढ्यात मला राहवलं नाही आणि मी बाबांना गाडी दाखवली. खरं तर हे लिहायलाच बसले आहे, उगाच तेलाचं पुराण लावलं.

मी अंगणात ताडपत्री ओढली. बाबा गाडीभोवती एक चक्कर मारून आले. मग बॉनेटवर हात ठेवला, म्हैस ओळखीची असल्यासारखा. मी म्हटलं, बसा. ते म्हणाले, आलोच, आणि ऑटो करून घरी गेले. मला वाटलं, चष्मा विसरले असतील. परत आले तर हातात पिशवी. पिशवीत तो टॉवेल. आईच्या साड्यांखाली पेटीत ठेवला होता, आत्या, इतकी वर्षं. त्यांनी तो सीटवर अंथरला, कोपरे नीट केले, मधली सुरकुती हातानं काढली आणि मग बसले. स्टिअरिंगवर हात ठेवून लहान पोरासारखे हसले.

मी म्हटलं, बाबा, ही गाडी आपली आहे, टॉवेल काढा. त्यांनी उठून काढला, बसले आणि लगेच उठले. म्हणाले की पाठीला कसंतरी होते, राहू दे ना वं. पुन्हा अंथरला. मी ताडपत्रीची घडी घालायला लागले. बोलले असते तर रडले असते, आणि मला त्यांच्यापुढे रडायचं नव्हतं.

नोकरी सुटून एवढी वर्षं झाली, तो माणूस अजून माझ्या बापाच्या पाठीखाली टॉवेल घालून बसलाय. आता मला नुसतं दारावरून फिरवण्यात समाधान नाही. त्याला स्वतःला एकदा त्या टॉवेलवर बसवीन, तेव्हाच मी देवरावची पोरगी.

उन्हात विहारात जाताना डोक्यावर पदर घे. माया ठेव.

तुझी,
पायल

काटोल
दि. १३ एप्रिल

चि. पायल हिले जयभीम.

उद्या जयंती, घरात पाहुणे आहेत, म्हणून थोडकंच लिहिते. तुझं पत्र वाचून मी ताटावरून उठली. नागसेननं विचारलं काय झालं, मी म्हटलं मिरची लागली.

तो टॉवेल जाळू नको आणि देवरावले बोलू नको. त्याची पाठ काय म्हणते ते तुले नाही कळणार. त्याचं त्याले काढू दे.

पण त्या दुसऱ्याले बसव. कसं बसवशीन ते मले माहीत नाही, पण तू शिकलेली आहे, युक्ती काढ. तेलाची आणखी एक बाटली पाठवते. मीटरचं ऐकलं. संत्र्याच्या तेलानं काच पुसायची असते का वं कधी? तुझी आई असती तर तिनं तुझा कान धरला असता. तिच्या वतीनं मी धरते.

तब्येतीले जप, रागालेही जप.

भीमाबाई

इंदोरा, नागपूर
दि. २६ एप्रिल

ती. आत्यास सविनय जयभीम.

आत्या, युक्ती मी काढायच्या आधीच सावज चालत दारात आलं.

मागच्या आठवड्यात ऋषिकेश आला होता. दलालाकडून पत्ता काढला म्हणाला. त्याची मुलगी मिनल, तिचं मे महिन्यात लग्न आहे. ती लहान असताना महादेवरावांनी तिला शब्द दिला होता म्हणे, की तुझी पाठवणी लाल गाडीतून करीन. आता गाडी विकल्याचं कळल्यापासून म्हाताऱ्यानं मुलाशी बोलणं टाकलंय. साऱ्या कळमन्याला सांगून ठेवलं आहे की नात लाल गाडीतून जाणार, आणि गाडी इंदोऱ्यात. ऋषिकेश बिचारा घाम पुसत होता. एका दिवसासाठी द्या, हवं ते देतो, असं म्हणाला.

मी म्हटलं, मला काही नको, एकच अट आहे. महादेवरावांनी स्वतः आमच्या दारी यावं. गाडीत डाव्या सीटवर बसावं. आणि बसायच्या आधी सीटवर टॉवेल अंथरावा. टॉवेल घरून आणायचा, घरी न्यायचा, घरी धुवायचा. एवढं केलं की गाडी तुमची, पेट्रोल भरून देते.

ऋषिकेशनं दोनदा विचारलं, फक्त टॉवेल? मी म्हटलं, फक्त टॉवेल. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन, बाबूजी आनंदानं येतो म्हणाले. आनंदानं! नाक घासत येणार, वरून आनंद दाखवतो.

बाबा खाटेवर बसून सगळं ऐकत होते. मला वाटलं, आता म्हणतील जाऊ दे. ऋषिकेश गेल्यावर ते फक्त एवढं म्हणाले, की डावी सीट करायला त्या सीटकव्हरवाल्याला सध्या बोलावू नको, ती मी माझ्या हातानं पाहीन. मी म्हटलं, बरं. त्यांचा जीव रमत असेल तर रमू दे.

गाडी आता घरी आणली आहे. पण बाबांचं थोडं काळजीचं वाटतं. रोज दुपारी ऐन उन्हात ते गाडी वळवून डावी बाजू सूर्याकडे करतात आणि सगळ्या काचा वर करून ठेवतात. मी म्हटलं, सावलीत घ्या, नवीन छत सुटेल. तर म्हणतात, इंजिनाले ऊन लागते, चांगलं असते. इंजिन पुढे आहे, आत्या. तुझ्या तेलाची दुसरी बाटलीही सापडत नाहीये. वयाचं काही असेल का? धंतोलीतल्या एका डॉक्टरला दाखवून आणीन म्हणते.

म्हातारा आठ मे रोजी येतोय. सगळं सविस्तर लिहीन. आशीर्वाद दे.

तुझी,
पायल

काटोल
दि. ३ मे

चि. पायल हिले जयभीम.

डॉक्टर-बिक्टर काही करू नको. तुझ्या बापाचं डोकं ठिकाणावर आहे, त्याले त्याच्या मनानं करू दे.

मले एक गोष्ट मात्र सलून राहिली. तो माणूस इतक्या सहज येतो काहून म्हणाला? आपल्याले टॉवेल म्हटलं की जे आठवते, ते त्याले आठवते का? माझ्या मनात हे आलं आणि रात्री झोप लागली नाही. तू त्याच्या तोंडाकडे पाह्य, सीटकडे नको पाहू.

इकडे ऊन लय वाढलं. मी माठात वाळा टाकला. तूही टाक.

माझा आशीर्वाद आहेच, त्याले काय मागावं लागते का.

भीमाबाई

इंदोरा, नागपूर
दि. ८ मे

ती. आत्यास,
सविनय जयभीम.

तू बरोबर होतीस. माझं सगळं मुसळ केरात गेलं.

दुपारीच आले दोघं, बाप-लेक. महादेवराव आता ऐंशीच्या घरातले, पण काठी नाही. पांढरंशुभ्र धोतर, कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, कपाळाला गंध. ऋषिकेशच्या हातात पिशवी. मी ओट्यावर उभी होते. बाबा गाडीचं उजवं दार धरून उभे. शेजारपाजारचे चार-दोन लोक मी मुद्दाम बोलावले होते, त्यांनीही बघावं म्हणून.

ऋषिकेशनं पिशवीतून टॉवेल काढला. नवा, जाड, पांढरा, काठाला निळी पट्टी. डावं दार उघडून त्यानं तो सीटवर पाठीपासून खालपर्यंत नीट अंथरला. आणि म्हातारा, आत्या, म्हातारा त्यावर असा बसला, की जसा कलेक्टर आपल्या खुर्चीवर बसतो! तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आपल्याकडे मोठ्या साहेबाच्या खुर्चीवर पांढरा टॉवेल असतोच की. तहसीलदाराच्या असतो, सिव्हिल सर्जनच्या असतो, माझ्याच दवाखान्याच्या मालकाच्या खुर्चीवर आहे. बाकीचे साध्या खुर्चीवर, साहेब टॉवेलवर. मी त्याला शिक्षा म्हणून जे सांगितलं, ते त्याला मानपान वाटलं! तोच टॉवेल माझ्या बापाच्या पाठीखाली विटाळ आणि त्याच्या पाठीखाली मान.

तू सांगितलंस म्हणून मी त्याच्या तोंडाकडे पाहत होते. त्या तोंडावर काही म्हणजे काही नव्हतं. नळ नाही, पिशवी नाही, माझी आई नाही. तो शेजाऱ्यांकडे बघून म्हणाला, की देवरावनं पोरीले चांगलं वळण लावलं, मोठ्यांचा मान तिले कळते. शेजाऱ्यांनी मानाही हलवल्या. आणि माझ्याकडे हात करून त्यानं मला आशीर्वाद दिला.

मी आत पळाले. दार लावून घेतलं आणि उशीत तोंड खुपसून ओरडले. आत्या, मला वाटलं होतं त्याला लाज वाटेल. मी माझ्याच हातानं माझ्या दारात त्याची पाद्यपूजा करून घेतली, बाबांच्या डोळ्यांदेखत.

थोड्या वेळानं बाहेर आले तर गाडी नाही. शेजारीण म्हणाली, बाबा त्यांना घेऊन कुठेतरी गेले, ऋषिकेशची गाडी मागोमाग. म्हणजे आज इतक्या वर्षांनी बाबांनी पुन्हा त्याची ड्रायव्हरकी केली, तीही माझ्यामुळे. अजून आले नाहीत. फोन घरीच राहिलाय. मी हे लिहीत बसले आहे, कारण दुसरं काय करू ते सुचत नाही.

माझ्यावर रागावू नकोस.

पायल

इंदोरा, नागपूर
दि. ९ मे २०२५

ती. भीमाबाईस,
देवरावचा सविनय जयभीम, वि. वि.

पायलचं पत्र तिनं पाकिटात घातलं होतं, टाकलं नव्हतं. मी तिला थांबवलं. तिचं आणि माझं एकाच पाकिटात जाऊ दे. ती आत होती, म्हणून पुढचं तिला माहीत नव्हतं. तिला तोंडी सांगितलं आहे, तुला लिहितो. माझं अक्षर समजून घे.

साहेब टॉवेलावर बसून आशीर्वाद देत होते. पायल आत पळाली. मी पलीकडे जाऊन त्यांना नमस्कार केला आणि म्हणालो की साहेब, जरा उठा, टॉवेल काढावा लागते. टॉवेलानं सीट खराब होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. सीट कशानं खराब होते हे त्या गाडीत आजवर तेच सांगत आले होते. पण गाडी पाहिजे होती, म्हणून उठले. मी टॉवेल ओढला, झटकला, घडी करून ऋषिकेशच्या हातात दिला. त्याला सांगितलं की दोनच माणसांची गाडी आहे, तू तुझ्या गाडीनं मागून ये. साहेबांना म्हणालो की चला, लग्नाआधी एकदा कळमन्यात चक्कर मारू, सगळ्यांना गाडी दिसू द्या. ते खूश झाले.

बाई, सीट तयार होती. ऋषिकेश येऊन गेला त्या दिवसापासून मी ती रोज उन्हात शेकून राहिलो होतो. तुझ्या तेलाची बाटली पायलला सापडत नव्हती ना, ती माझ्याजवळ होती. रोज थोडं थोडं त्या काळ्या रेक्झिनवर चोळत होतो. काल सकाळी बोट टेकवलं तर डांबर. पायल म्हणे बाबांचं वय झालं.

मे महिन्याची दुपार, एसी बंद, काचा अर्ध्या. इंदोऱ्यापासून कळमन्यापर्यंत साहेब घामानं न्हाऊन निघाले. मी हळूहळू चालवली, सगळ्या सिग्नलवर थांबलो. मीटर पायलनं आंधळं करून ठेवलंच आहे. बाजारात आंब्याच्या गाड्या लागल्या होत्या. हमाल, अडते, दलाल, शेतकरी, सगळा बाजार भरलेला. मी गाडी बरोबर त्यांच्या जुन्या दुकानासमोर उभी केली, उतरलो आणि पूर्वीसारखं त्यांचं दार उघडून धरलं.

सीट त्यांना सोडेना. चर्र असा आवाज झाला, तेव्हा सुटले. लोक जमले, नमस्कार झाले, लाल गाडीचं कौतुक झालं. साहेब एकेकाकडे वळत होते आणि त्यांची पाठ बाकीच्यांकडे होत होती. पांढरा सदरा, पांढरं धोतर, आणि मानेपासून खाली सगळं काळंमिट्ट. तोंडावर कोणी हसलं नाही. पाठीमागे हसत होते. मग एक हमाल पोत्यावर बसूनच हसला आणि नंतर कोणालाच आवरलं नाही.

साहेबांनी मागे हात नेला. हात काळा होऊन आला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग इकडेतिकडे पाहिलं आणि दुकानाच्या कोपऱ्यातल्या नळाकडे निघाले. तेव्हा मी म्हणालो, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणालो, की साहेब, इथल्या नळावर नाही. घरी न्यायचं, घरी धुवायचं.

ते थांबले. बाई, मी त्यांच्या तोंडाकडेच पाहत होतो. त्यांना आठवलं. मला सगळ्यात भीती याचीच होती, की त्यांना आठवणारच नाही आणि मी म्हातारपणी उगाच एका म्हाताऱ्याचे कपडे खराब करीन. पण आठवलं. त्यांचा हात नळाच्या तोटीपर्यंत गेला होता, तो त्यांनी मागे घेतला. ऋषिकेशनं तो नवा टॉवेल त्यांच्या पाठीवर टाकला आणि गाडीत बसवून नेलं.

तुला बरं वाटलं का, असं तू विचारशील. वाटलं. खोटं कशाला लिहू. सोमवारी बुद्धपौर्णिमा आहे, विहारात जाऊन बसेन तेव्हा मनाशी काय बोलायचं ते बोलेन. काल नाही बोललो.

मिनलचा यात काही दोष नाही. मी ऋषिकेशला निरोप पाठवला आहे की लग्नाला गाडी देईन, मी स्वतः घेऊन येईन. त्याचं उत्तर नाही. सीटकव्हरवाला उद्या येतो आहे, डावी सीट नवी करून टाकतो. आता तिचं काम नाही.

एक सांगायचं राहिलं. घरी आलो, गाडीतून उतरलो, तेव्हा पाहिलं की माझा टॉवेल पिशवीत घडी करून सीटच्या मागे तसाच पडलेला. साहेबांना बसवायच्या नादात मी तो अंथरलाच नव्हता. कळमन्याला गेलो आणि आलो, तसाच. पाठीला काही झालं नाही, माझ्या लक्षातही आलं नाही.

आत गेलो तर पायल मोरीपाशी तोंड धूत होती. डोळे सुजलेले. दोरीवर टॉवेल नव्हता, ती पदरासारखी ओढणी चाचपत होती. मी पिशवीतून तो काढून तिच्यापुढे धरला. तिनं ओळखला आणि हात मागे घेतला. मी म्हणालो, पूस.

तिनं पुसलं.

तुझं कानाचं यंत्र दुरुस्त करून घे. हे सगळं मला तुला पुन्हा एकदा तोंडानं सांगायचं आहे, तुझ्या अंगणात बसून, आणि गाडी घेऊनच येतो. तोवर आहे तो लोभ सांभाळून ठेव.

तुझा भाऊ,
देवराव